डुंगा मट्टामीच्या घराचा दिवा

मुरेकशातल्या सगळ्या घरांचे दिवे हिरवे झाले होते, एक सोडून. जैनी पुंगाटीनं त्या सकाळी घरोघरचे दिवे ठिपक्यांनी दाखवणारा फलक इतक्यांदा पाहिला की डोळे मिटले तरी त्यातला लाल ठिपका तिला दिसत राही. ठिपका डुंगा मट्टामीच्या घराचा होता, आणि डुंगा मट्टामी म्हणजे तिचा सख्खा मामा. परक्या कुणी अडवलं असतं तर तिनं समजून घेतलं असतं. मामानं अडवलं म्हटल्यावर ती चिडली, आणि चिडली म्हणून स्वतःवरच आणखी चिडली.

बाहेर खेकडे ओळीनं उन्हात उभे होते. खेकडे हे गावानं ठेवलेलं नाव. गुडघ्याएवढ्या उंचीची ही यंत्रं उतारावर चढायची, झुडपांची पानं ओरबाडून पाठीवरच्या जाळीत भरायची आणि खाली भट्टीपाशी आणून ओतायची. जैनीच्या कंपनीच्या कागदांत त्यांना एक लांबलचक नाव होतं, पण ते आता कंपनीलाही आठवत नव्हतं.

गावानं होकार दिल्याशिवाय खेकडे हलत नसत. प्रत्येक घराच्या दारखांबावर, पाण्याचा तुंबा टांगतात त्याच्या शेजारी, एक बटण होतं. घरानं ते दाबलं की दिवा हिरवा होई, पुन्हा दाबलं की लाल. सगळे दिवे हिरवे असले तरच खेकड्यांचं कुलूप उघडे. ही सगळी रचना जैनीचीच होती. बटणं बसवली त्या दिवशी तिनं चाचणी म्हणून आपल्या घराचं बटण सगळ्यांत आधी दाबलं होतं, आणि त्याचा फोटोही काढून घेतला होता.

डोंगराचं नाव बंडामेट्टा. त्यातला अर्धा आता नाही. जैनी आश्रमशाळेत शिकत होती तेव्हा एका खाण कंपनीनं तो फोडून नेला. पुढे धातूचे भाव पडले, कंपनीनं गाशा गुंडाळला, आणि मागे राहिला लाल मातीचा एक उघडाबोडका उतार. त्यावर गवतसुद्धा धरेना, कारण त्या मातीत निकेल होतं. निकेल मोटारींच्या बॅटऱ्यांना हवं असतं, झाडांच्या मुळांना मात्र ते विष. फक्त एक झुडूप तिथे मजेत वाढायचं. गुरं त्याला तोंड लावत नसत. माडिया बोलीत त्याचं नाव बरंच लांब आहे. पुढे आलेल्या मराठी मंडळींनी त्याचं 'नखाऊ' करून टाकलं.

गुरं ते का खात नाहीत, या प्रश्नावर जैनीनं नागपुरात पीएच.डी. केली. उत्तर असं निघालं की नखाऊ विष टाळत नाही, पितं. त्याची मुळं निकेल ओढून घेतात, एका आम्लाच्या वेष्टणात बांधतात आणि वर पानांकडे पाठवतात. पानांच्या बाहेरच्या कातडीत ते साठतं, आणि मग किडा असो की गाय, कुणी त्या पानाच्या वाटेला जात नाही. जगात अशी झाडं आणखीही आहेत. पण बंडामेट्ट्याच्या न फोडलेल्या बाजूला, जंगलाच्या सावलीतल्या मातीत, जैनीला एक बुरशी सापडली. ही बुरशी नखाऊच्या मुळांना बिलगून राहते, दगडाच्या कणांतलं निकेल विरघळवते आणि झाडाच्या हवाली करते. बदल्यात झाडाकडून साखर घेते. दोघांची जोडी जमली की पानांची राख खाणीतल्या खनिजाच्या कितीतरी पट श्रीमंत निघते. म्हणजे ना सुरुंग, ना खड्डा. पानं तोडायची, जाळायची, राख विकायची. डोंगर जागच्या जागी राहतो आणि माती वर्षागणिक निवळत जाते. अट एवढीच की बुरशीचं बियाणं दर हंगामात जंगलातून आणावं लागतं, म्हणून जंगल उभं असावं लागतं.

नचिकेत रेगे हा पुण्याचा रसायन अभियंता. त्यानं या कामासाठी छोटी कंपनी काढली आणि पहिल्याच भेटीत ग्रामसभेला सांगितलं, "बुरशी तुमच्या डोंगराची आहे, तर धंदाही निम्मा तुमचा." माणूस सरळ होता. करार व्हायला दोन पावसाळे गेले. वकिलांनी पानंच्या पानं भरली, ग्रामसभेनं मात्र एकच कलम स्वतःहून घातलं: पंडुम झाल्याशिवाय पान तोडायचं नाही.

पंडुम म्हणजे नव्या पिकाची पूजा, माडियांची जुनी रीत. आंबा असो, मोह असो की नवं धान्य, पंडुम झाल्याशिवाय नवं काही तोडायचं नाही, तोंडात घालायचं नाही. नखाऊ आता पीक झालं, तेव्हा त्याचाही पंडुम आला, आकी पंडुम, पानांचा. नचिकेतला हे कलम फार आवडलं. "वा, म्हणजे दर वर्षी एक सण," असं म्हणून त्यानं माघातली एक तारीख धरली आणि वेळापत्रकात टाकून दिली. पण पंडुमला तारीख नसते. भूमिया, म्हणजे गावच्या जमिनीचा मानकरी, घरोघर जाऊन विचारतो. एखादं घर तयार नसेल तर गाव थांबतं. गेल्या कित्येक पिढ्यांत कुठलं घर अडून बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. जैनीला हे सगळं ठाऊक होतं, तरी नचिकेतच्या तारखेवर ती काही बोलली नाही. भूमियाच्या चालण्याचं काम तिनं बटणांवर सोपवलं. तेव्हा म्हातारा भूमिया म्हणाला होता, "म्हणजे आता मी घरी बसू?" सगळे हसले होते, तीही हसली होती.

आता कुणीच हसत नव्हतं.

मामाकडे ती पहिल्यांदा गेली ती नचिकेतचा फोन आल्यावर. मामा अंगणात माशांची बुटी विणत होता.

"जोहार मामा."

"जोहार. बस. तुझी आई बरी आहे?"

"बरी आहे. मामा, तुझा दिवा लाल आहे."

"ठाऊक आहे मला. माझ्या दारावरच आहे तो."

"बटण बिघडलंय का?"

"नाही. चांगलं चालतंय. एकदा हिरवा करून बघितला, परत लाल केला."

मामीनं गोरग्याच्या झाडाची ताडी आणून दिली. जैनी घोट घोट पीत बसली. नकाराचं कारण विचारायचं नाही, ही सभेतली रीत. ज्याला सांगायचं असेल तो सांगतो. मामानं सांगितलं नाही. पावसाचं, कोंबड्यांचं, नागपुरातल्या नातवंडांचं मात्र भरभरून सांगितलं. ती उठली तेव्हा त्यानं मूठभर सुके मासे पानात बांधून दिले. इतक्या प्रेमानं कुणी आजवर तिची गळचेपी केली नव्हती.

कारण काय असणार हे तिला वाटेवरच उमगलं, निदान तिला तसं वाटलं. माडियांत मुलगी मामाच्या घरी द्यायची पद्धत आहे. जैनीनं मामाच्या मुलाला नकार दिला होता. त्याला कित्येक वर्षं झाली, तो मुलगा आता दोन पोरांचा बाप होऊन नागपुरात नोकरी करतो. पण त्या वेळी मामा एक अक्षर बोलला नव्हता, आणि न बोललेलं कुठे जातं? आत साठत राहतं. पानांत धातू साठतो तसं, असं तिच्या मनात आलं, आणि आपल्या विषयाची उपमा इथेही घुसली म्हणून ती वैतागली.

नचिकेत पुण्याहून आला तेव्हा उतारावरची पहिली पानं पिवळी पडू लागली होती. तो फलकासमोर हाताची घडी घालून उभा राहिला.

"ऊन वाढलंय. पानगळ या आठवड्यात सुरू होईल ना?"

"वरच्या उतारावर झालीच म्हणा."

"आणि गळलेली पानं?"

"उपयोगाची नाहीत. मातीत चुरा होतो, निकेल परत जमिनीत जातं. पुढच्या वर्षी झाड ते पुन्हा पिईल."

"पुढचं वर्ष असलं तर," नचिकेत म्हणाला. त्यात धमकी नव्हती, म्हणूनच तिला जास्त लागलं. पहिल्या हंगामाची राख बॅटरीवाल्यांकडे गेली नाही तर पैसा लावणारे हात वर करणार होते. आणि ते गेले की उरलेल्या बंडामेट्ट्याचा जुना खाणपट्टा पुन्हा लिलावात निघणार, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मामालाही.

"आणीबाणीची चावी तुझ्याकडे आहे," नचिकेत हळूच म्हणाला.

होती. वणवा लागला किंवा पिकावर रोग पडला तर होकाराची वाट न पाहता पानं काढता यावीत, म्हणून क्षेत्रप्रमुखाला तशी मुभा होती. क्षेत्रप्रमुख जैनीच होती.

"वणवा कुठे लागलाय?"

"खालच्या ओळीत तांबेरा दिसला म्हणालीस परवा."

दिसला होता. चार-दोन झुडपांवर बारीक तांबडे ठिपके. असे ठिपके दर वर्षी येतात आणि आपोआप जातात. पण 'रोग पडला' असं लिहिलं तर ते धडधडीत खोटं ठरलं नसतं. तिनं संगणकाचा पडदा उघडला, कारणाच्या रकान्यात 'तांबेरा' असं टंकलं, आणि बोट थांबवलं.

"मला मामाशी एकदा नीट बोलू दे."

"बोल. पण जैनी, सगळ्या गावाचा होकार आणि एका माणसाचा रुसवा, यात न्याय कोणता, तेही त्यांना विचार."

गावातही आता हेच बोललं जात होतं. पाणवठ्यावर बायका मामीशी तुटक बोलायला लागल्या. कुणी तरी भूमियाला म्हणालं, तू जाऊन दटाव त्याला. भूमिया म्हणाला, "मी विचारायला जातो. दटावायला जात नाही." आणि बिडी पेटवली.

जैनी घरी आली तेव्हा आई मोहाच्या टोळंब्या, म्हणजे तेलाच्या बिया, फोडत बसली होती. जैनीनं सगळं घडाघडा सांगितलं. आई ऐकत होती, फोडत होती.

"तुझ्या भावाला तू सांग ना."

"काय सांगू?"

"हिरवं कर म्हणून."

"त्याचं घर आहे," आई म्हणाली. पुढे काही बोलावं असं तिच्या चेहऱ्यावर आलं होतं, पण जैनी तोवर चपला घालत होती.

या खेपेला मामा दिवसाउजेडी उताराच्या कडेलाच भेटला, फोडलेल्या डोंगराच्या काठावर, दगडावर बसलेला. जैनी त्याच्याजवळ खाली बसली आणि वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरली.

"मामा, मी तुझ्या मुलाला नाही म्हटलं. त्याचा राग तू या पिकावर काढू नकोस. मी माफी मागते. मला मागायला हवीच होती, तेव्हाच."

मामा तिच्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला.

"त्याला त्याची बायको मिळाली, मला सून मिळाली. तुझ्या हातचा भात मी खाल्लाय, जैनी. राग कसला?"

तीही हसली, पण रडू यायच्या बेतात. "मग का?"

मामानं समोरच्या खड्ड्याकडे हात केला. "तू शाळेत होतीस. इथे मांडव घातला होता. साहेब आले होते, खुर्च्या होत्या, माईक होता. जनसुनावणी म्हणाले. मी उठलो. माईकवर गेलो. म्हटलं, नाही. आमचा डोंगर द्यायचा नाही. साहेब काय म्हणाले ठाऊक आहे?"

"काय?"

"धन्यवाद. पुढचे." त्यानं एक खडा खड्ड्यात टाकला. "चांगले बोलले, रागावले नाहीत. मला चहा दिला. आणि डोंगर गेला."

उतारावरून एक पान गळालं, दुसरं गळालं. जैनीचं लक्ष तिकडे गेलं. मामानं ते पाहिलं.

"आता तुम्ही आलात. निम्मं गावाचं म्हणता. तो पुण्याचा मुलगा चांगला आहे. तू तर आमचीच. सगळे हो म्हणतायत. पण हो म्हटलेलं तेव्हाही चाललं असतं, जैनी. तेव्हा चाललं नाही ते नाही म्हटलेलं. म्हणून या खेपेला मला नाही म्हणून बघायचं होतं. हे यंत्र खरोखर थांबतं का, ते बघायचं होतं."

"थांबलंय ना. बघितलंस ना."

"अजून पानं आहेत झाडांवर," मामा म्हणाला. "पानं असेपर्यंत थांबणं काय, कुणीही थांबेल."

"पट्टा लिलावात निघाला तर उरलेला डोंगरही जाईल. त्याचं काय?"

"त्याची मला तुझ्याहून जास्त भीती वाटते. मी रोज इथे येऊन बसतो, ते काय हवा खायला? पण माझ्या नाहीवर पाय देऊन वाचवलेला डोंगर माझा कसा?"

"किती दिवस लाल ठेवणार?"

"ते मी आधी सांगितलं तर मग ते नाही कसलं? ती सुट्टी झाली."

ती परतली तेव्हा पडद्यावर 'तांबेरा' हा शब्द तसाच होता. खाली चौकोनात तिच्या अंगठ्याची वाट पाहत दिवा लुकलुकत होता. नचिकेतनं मान वर केली.

"काय म्हणाले?"

तिनं सांगितलं, जसंच्या तसं. नचिकेत म्हणाला, "म्हणजे ते आपली परीक्षा घेतायत."

"आपली नाही. कुलपाची."

"आणि परीक्षेची फी म्हणून पूर्ण हंगाम?"

"हो."

"मला हे पटतंय की नाही, मलाच कळत नाहीये. पण वर काय सांगू? एका माणसाला नाही म्हणून बघायचं होतं, असं सांगू?"

"असंच सांग. मी खेकडे सोडले तर मीही धन्यवाद म्हणून पुढच्याला बोलावल्यासारखं होईल." तिला नोकरीची, डोंगराची, गावात तोंड दाखवायची, सगळ्याचीच भीती वाटत होती. तिनं शब्द खोडला आणि पडदा मिटला.

नचिकेत दुसऱ्या दिवशी गेला. जाताना त्यानं हात मिळवला, पण नेहमीसारखा हसला नाही.

मग पानं गळाली. वाऱ्याची एक झुळूक आली की वरच्या उतारावरून पिवळा लोट खाली यायचा आणि ओळीनं उभ्या खेकड्यांच्या पाठीवर साचायचा. गाव येऊन बघून जाई. कुणी जैनीला बोल लावला, कुणी मामाला, भूमियानं कुणालाच नाही. जैनी रोज तिथे उभी राहायची. आपल्या वर्षांचं काम डोळ्यांदेखत मातीत जाताना बघणं सोपं नव्हतं, आणि निकेल कुठे जात नाही, जमिनीतच राहतं, हे विज्ञान तिला फारसं उपयोगी पडलं नाही. शेवटी फक्त नाल्याकाठच्या ओळी हिरव्या उरल्या. तिथे ओल होती.

एका सकाळी मामा तिथे आला. एका खेकड्याच्या पाठीवरची पानं त्यानं हातानं झटकली, वाकून त्याचे पाय बघितले.

"हलला नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, मामा."

तो मान हलवत घरी गेला. जैनी फलकापाशी पोचली तेव्हा तिथे लाल ठिपका उरला नव्हता.

तिनं नचिकेतला फोन लावला. नचिकेतकडेही बातमी होती. पैसा लावणाऱ्यांनी खूप आदळआपट केली होती. जैनीचा पगार आणि नचिकेतचा अधिकार, दोन्हींवर कात्री चालली होती. पण बॅटरीवाल्यांच्या तपासनीस बाईंनी एक वेगळाच मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, जगभरच्या प्रकल्पांतून आमच्याकडे फक्त होकार येतात, सगळीकडे पूर्ण होकार, म्हणून आम्ही कशावरच विश्वास ठेवत नाही. नकार आला आणि टिकला, असं पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना थोडी का होईना, राख हवी होती. नाल्याकाठची पानं वेळेत निघाली तर आणखी एक वर्ष मिळणार होतं.

"सगळं हिरवं आहे ना?" नचिकेतनं विचारलं. "उद्या पंडुम करता येईल?"

"येईल," ती म्हणाली, आणि पळतच मामाकडे गेली.

मामा दारातच होता. ताडी आली, हसणं झालं. ती निघताना तो सहज म्हणाला, "आणि तुमच्या घराचा दिवा कुणी हिरवा केला?"

"मीच. सगळ्यांच्या आधी."

"तुझ्या आईला विचारून?"

मामीनं आणलेले सुके मासे तिनं घेतले आणि ती घरी गेली.

आई अंगणात टोळंब्या फोडत होती. जैनी तिच्यासमोर बसली. तिनं तुंब्यातलं पाणी आईला दिलं, स्वतः प्यायली, आणि मग म्हणाली, "आई, नाल्याकाठची पानं तोडायची आहेत. आपलं घर तयार आहे का?"

आईचे हात थांबले. तिनं लेकीकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी पाहावं तसं.

"मला विचारतेस?"

"हो."

"मग मला विचार करू दे," आई म्हणाली. ती उठली, दारखांबापाशी गेली आणि बटण दाबलं. दिवा लाल झाला. मग ती परत येऊन बसली आणि टोळंब्या फोडू लागली.

फोन लगेच वाजला. "जैनी, फलकावर पुन्हा लाल दिसतंय," नचिकेत घाईघाईनं म्हणाला. "नाल्याकाठची पानं फार दिवस टिकणार नाहीत. आता कोण?"

"माझं घर."

नचिकेतनं सुस्कारा सोडला. "किती वेळ लागेल, काही म्हणाल्या?"

"मी विचारलं नाही," जैनी म्हणाली. तिनं फोन बाजूला ठेवला, एक दगड पुढ्यात ओढला आणि आईच्या शेजारी टोळंब्या फोडायला बसली.